मधपेट्यांचे स्थलांतर: वाटेत आणि वाटेनंतर माश्यांची तब्येत कशी राखावी

मेलिफेरा म्हणजे युरोपीय मधमाश्यांच्या पेट्या घेऊन फुलोऱ्यामागे फिरणे आता महाराष्ट्रातही रुळले आहे. हिवाळ्यात राजस्थानात भरतपूर-अलवरकडची मोहरी, जानेवारी-फेब्रुवारीत बुलढाणा, जालना, अहिल्यानगर, नाशिकचे कांदा बियाण्याचे प्लॉट, मध्ये कुठे ओवा, धने किंवा सूर्यफूल, आणि हस्त बहार धरलेला असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात डाळिंब. एकाच जागी पेट्या ठेवल्या तर वर्षातले कित्येक महिने साखरेच्या पाकावर काढावे लागतात, म्हणून स्थलांतर टळत नाही. पण प्रत्येक फेरीचा भार वसाहतीवर पडतो आणि तो दिसायला वेळ लागतो. पेट्या उतरवल्या, सकाळी माश्या उडू लागल्या की मधपाळ निश्चिंत होतो. प्रवास खरोखर कसा झाला हे मात्र साधारण २१ दिवसांनी कळते.

याचे कारण दाई माश्यांत आहे. अळ्यांना भरवायचे राजान्न या कोवळ्या कामकरी माश्यांच्या डोक्यातल्या ग्रंथींत तयार होते. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लांबचा प्रवास घडलेल्या माश्यांच्या या ग्रंथी नीट वाढलेल्या नव्हत्या. ग्रंथी खुरटल्या की अळ्यांना कमी अन्न मिळते, राणी अंडी घालते पण त्यातली थोडीच शेवटास जातात, आणि अंड्यापासून माशी बाहेर पडायला २१ दिवस लागत असल्याने पेटी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रोडावते. तेव्हा आपण दोष फुलोऱ्याला किंवा हवामानाला देतो. २०१६ मधल्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात फिरत्या वसाहतींतल्या माश्यांचे आयुष्यच स्थिर वसाहतींपेक्षा कमी भरले. प्रवास टाळता येत नसेल तर त्यातला ताण कमी करणे आपल्या हाती आहे, आणि त्यातला बहुतेक ताण उष्णतेचा असतो.

कोणती पेटी न्यायची, कोणती मागे ठेवायची

ठरलेल्या दिवसाच्या आठ-दहा दिवस आधी प्रत्येक पेटी उघडून पाहा. दहा चौकटींच्या लँगस्ट्रॉथ पेटीत किमान पाच-सहा चौकटी दोन्ही बाजूंनी माश्यांनी भरलेल्या हव्यात. पिलाव्याला, म्हणजे अंडी, अळ्या आणि कोषांना, ३४ ते ३५ अंश तापमान लागते. बाहेर दहा अंशांची थंडी असो वा चाळिशीचे ऊन, माश्या आपल्या संख्येच्या बळावर ते राखतात. तीन-चार चौकटींच्या दुबळ्या पेटीला धावत्या गाडीवरच्या वाऱ्यात हे जमत नाही. पिलावा गारठतो आणि पुढे अळ्यांचा बुरशीजन्य खडू रोग डोके वर काढतो. अशा दोन पेट्या आधीच एकत्र करा किंवा त्यांना मागे ठेवा. एकत्र करताना मध्ये वर्तमानपत्राचा कागद ठेवून चार-पाच दिवस द्या. निघायच्या आदल्या रात्री केलेले एकत्रीकरण वाटेत मारामारीत संपते.

राणीच्या कोठड्या असलेली किंवा मीलन न झालेली कोवळी राणी असलेली पेटी हलवू नका. कोठडीतला कोष हादऱ्याने दुखावतो, आणि कोवळ्या राणीला नव्या जागेची ओळख पटायच्या आत मीलनासाठी उडावे लागले तर ती परततेच असे नाही. राणीने नियमित अंडी घालायला सुरुवात केली की मगच ती पेटी फेरीत घ्या.

याच तपासणीत वरोआ कोळ्यांची, म्हणजे माश्यांच्या अंगावर जगणाऱ्या बारीक परजीवींची, मोजणी उरका. पिलाव्याच्या चौकटीवरून, राणी त्यावर नाही याची खात्री करून, अर्धा कप म्हणजे सुमारे ३०० माश्या जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्या. त्यात दोन चमचे पिठीसाखर टाकून बरणी हलकेच फिरवा, एक-दोन मिनिटे थांबा आणि साखर पांढऱ्या ताटात जोरात चाळा. ताटावर थोडे पाणी शिंपडले की साखर विरघळते आणि तांबूस कोळी स्पष्ट दिसतात. शंभर माश्यांमागे तीन कोळी, म्हणजे या नमुन्यात नऊच्या आसपास, निघाले तर आधी उपचार करा आणि मगच पेटी हलवा. आजारी वसाहत दुसऱ्याच्या पेट्यांशेजारी नेऊन ठेवणे हा सगळ्याच मधपाळांवर अन्याय आहे. उपचार मध भरण्याच्या काळात करायचा नाही, मधात अंश उतरतो.

मध आधी काढा, पण त्याच दिवशी नाही

मधाने भरलेली एक मोठी चौकट अडीच-तीन किलोची असते. खड्ड्यात गाडी आदळली की हे वजन तारेवर झोके घेते. नव्या पांढऱ्या मेणाचे पोळे तर हमखास तुटते. जुने काळसर पोळे कोषांच्या आवरणांमुळे चिवट असते, म्हणून प्रवासात जुन्या पोळ्यांच्या आणि तार ओढलेल्या चौकटीच ठेवाव्यात. जादा मध निघायच्या तीन दिवस आधी काढा. काढल्यावर पोळी ओली असतात, ती चाटून कोरडी करायला आणि कडा दुरुस्त करायला माश्यांना दोन रात्री मिळाल्या पाहिजेत. दुपारी मध काढून रात्री गाडी भरली तर सांडलेल्या मधात माश्या बुडतात आणि उतरल्यावर त्या वासाने लूटमार सुरू होते.

सगळा मधही काढू नका. दोन चौकटींच्या वरच्या भागात झाकलेला मध आणि एका चौकटीत तरी पराग राहू द्या. नव्या जागी पहिले दोन-तीन दिवस माश्या परिसर ओळखण्यात घालवतात आणि त्या काळात बाहेरून फारसे काही येत नाही. पाकाचा डबा पेटीत ठेवून प्रवास करू नका. पाक हिंदकळतो आणि माश्या चिकटून मरतात. शेवटचा पाक निघण्यापूर्वी दोन दिवस आधी द्या.

पेटी बांधणे

ज्या दिवशी निघायचे त्या दुपारी, ऊन उतरल्यावर, चौकटी एका बाजूला सरकवून घट्ट बसवा आणि उरलेल्या फटीत लाकडी पाचर ठोका. चौकटी हलत राहिल्या तर दोन पोळ्यांमध्ये माश्या चिरडतात, आणि त्यात राणीही सापडू शकते. तळपाट आणि कोठी यांना दोन्ही बाजूंनी लाकडी पट्टी खिळ्यांनी मारा किंवा पट्ट्याने आवळा. नुसत्या सुतळीवर विसंबू नका. वाटेत एखादी पेटी फाकली तर अंधारात गाडीवर चढून ती बंद करणे जिवावरचे काम होते.

आता हवेची सोय. वरचे झाकण आणि तरट काढून टाका आणि पेटीच्या मापाची, दोन-तीन इंच उंचीची, ३ मिलिमीटर भोकांची तारजाळी बसवलेली चौकट वर ठोका. ही उंची महत्त्वाची आहे. तापलेल्या माश्या पिलावा सोडून या मोकळ्या जागेत लटकतात आणि पोळ्यांमध्ये हवा खेळती राहते. जाळी थेट चौकटींवर ठोकली तर लटकायला जागाच उरत नाही. दारालाही जाळीच लावा, कापड किंवा गवत कोंबू नका.

दार बंद करायची वेळ सूर्यास्तानंतर, शेवटची माशी आत आल्यावर. उन्हाळ्यात काही माश्या दारापाशी दाढीसारख्या लोंबत राहतात. त्यांच्यावर पाण्याचा बारीक फवारा मारला किंवा स्मोकरचे दोन-तीन झोत दिले की त्या आत जातात. धूर बेतानेच द्या, कारण धुराने माश्या मध पोटभर पितात आणि बंद पेटीत अस्वस्थ होतात.

गरम झालेली पेटी कशी मरते

वाटेत पेट्या दगावतात त्या बहुतेक गुदमरून आणि भाजून. हे घडते कसे ते नीट समजून घेतले तर चूक होत नाही. हादरा आणि कोंडमारा यांनी बिथरलेल्या माश्या धावपळ करतात, आणि उडण्याचे स्नायू वापरले की त्यांच्या अंगातून उष्णता निघते. तापमान वाढले की त्या दाराकडे आणि जाळीकडे धाव घेतात आणि तिथेच दाटी करून हवेची वाट बुजवतात. आत अजून तापते. मग पेटी थंड करण्यासाठी त्या पोटातला मध बाहेर काढून पसरवतात, त्यात एकमेकींना भिजवतात, आणि भिजलेली माशी पंखाने वारा घालू शकत नाही. ४० अंशांच्या पुढे मेण मऊ पडून मधाच्या वजनाने पोळी खाली बसतात. एकदा ही साखळी सुरू झाली की भरलेली पेटी तासाभराच्या आत संपू शकते. यात जोमदार पेट्या आधी जातात, कारण उष्णता माश्यांच्या संख्येतून येते.

लक्षणे कानाला आधी कळतात. शांत पेटीची गुणगुण खालच्या पट्टीत, एकसारखी असते. तापलेल्या पेटीचा आवाज चढा आणि कर्कश होतो. जाळीवर हात ठेवला तर गरम दमट वाफ लागते, माश्या जाळीला तोंडे लावून चिकटलेल्या असतात आणि मधाचा वास सुटतो. अशा वेळी जाळीवर भरपूर पाणी शिंपडा आणि गाडी ताबडतोब हलवा, वारा लागला पाहिजे. दोन्हीने आवाज उतरला नाही तर ती पेटी खाली घेऊन दार उघडा. काही माश्या गमवाव्या लागतील, पण राणी आणि पिलावा वाचेल.

आवाज एकाएकी पूर्ण थांबला तर पेटी शांत झाली असे समजू नका. लगेच पाहा.

गाडी भरणे आणि रस्ता

पेट्या अशा ठेवा की चौकटी गाडीच्या लांबीला समांतर, म्हणजे पुढून मागे, राहतील. ब्रेक लागला की झटका पुढे-मागे बसतो. चौकटी आडव्या असतील तर त्या एकमेकींवर आपटतात. दोन रांगांत चार इंच मोकळे ठेवा आणि थरांमध्ये लाकडी पट्ट्या टाका, नाहीतर वरच्या थराची पेटी खालच्या जाळीवर झाकण बनून बसते. सगळ्यात जोमदार पेट्या वरच्या थरात किंवा कडेला, जिथे वारा लागेल तिथे. ताडपत्री पूर्ण झाकायची नाही. पाऊस असेल तर फक्त वरून, बाजू उघड्या ठेवून. सगळ्या मालावर माशी निसटणार नाही इतक्या बारीक भोकांची जाळी टाकावी. सुटलेल्या माश्या त्यात राहतात आणि टोलनाक्यावर लोकांना त्रास होत नाही.

पहाटेपूर्वी पोहोचता येईल असे अंतर एका रात्रीत घ्या. भरतपूरसारखा लांबचा पल्ला असेल तर दोन चालक हवेत आणि दिवसाचा थांबा दाट सावलीत, पाण्याजवळ, वस्तीपासून दूर. भरलेली गाडी उभी राहिली की वारा थांबतो आणि हादराही थांबतो, मग माश्या बाहेर पडण्यासाठी धडपडतात. जेवणासाठी दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका, आणि तेव्हाही एकाने पेट्यांपाशी आवाज ऐकत राहावे. गाडीत किमान चाळीस-पन्नास लिटर पाणी, पाठीवरचा फवारणी पंप (औषधाला कधीही न वापरलेला), स्मोकर, बुरखे, जादा जाळी, खिळे-हातोडी आणि चिकटपट्टी असावी. पंप औषधाचा असेल तर कितीही धुतला तरी तो चालत नाही.

गाडी बिघडली आणि दुरुस्तीला दोन-तीन तासांपेक्षा जास्त लागणार असतील तर वाट पाहू नका. ऊन चढण्याआधी पेट्या सावलीत उतरवा, दारे उघडा आणि रात्री पुन्हा बंद करून निघा. बाहेर गेलेल्या माश्या सूर्यास्तापर्यंत परततात.

उतरवताना

जागा आधी जाऊन ठरवलेली हवी. सकाळचे ऊन, दुपारची सावली, शंभर मीटरच्या आत स्वच्छ पाणी. पाण्याच्या भांड्यात दगड-काड्या टाका, नाहीतर माश्या बुडतात. पेट्या दीड-एक फूट उंच घोडीवर ठेवा आणि पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, दमलेल्या वसाहतीला मुंग्या फार लवकर घेरतात. दोन पेट्यांत तीन-चार फूट अंतर ठेवा. सरळ लांबलचक रांग लावू नका. एकसारख्या दिसणाऱ्या रांगेत माश्या घर चुकतात, टोकाच्या पेट्यांत गर्दी होते, मधल्या ओस पडतात, आणि एका पेटीतले कोळी व रोग सगळीकडे पोहोचतात. अर्धवर्तुळात, दारांची दिशा थोडी बदलत किंवा दारांवर वेगवेगळे रंग देऊन मांडणी करा.

पेट्या मांडल्यावर वीस मिनिटे तशाच ठेवा. मग एकाआड एक दार उघडा आणि उरलेली अर्ध्या तासाने. सगळी दारे एकदम उघडली तर हजारो माश्या एकाच वेळी बाहेर येऊन गोंधळतात. दारासमोर पानांची छोटी डहाळी तिरपी टेकवा. बाहेर पडताना अडथळा आला की माशी थांबते, पेटीकडे तोंड करून घिरट्या घालते आणि नवी जागा लक्षात ठेवते. दोन दिवसांनी डहाळी काढा. झाकण आणि तरट परत बसवायला विसरू नका. जाळीवर राहिलेली पेटी दुपारच्या उन्हात आणि रात्रीच्या गारव्यात दोन्हीकडून मार खाते.

परागीभवनासाठी आणलेल्या पेट्या पिकाला सुमारे दहा टक्के फुले आल्यावरच ठेवा. लवकर ठेवल्या तर माश्या शेजारचे बांधावरचे फूल धरतात आणि तिथेच जात राहतात. कांद्याच्या बाबतीत हे जास्त सांभाळावे लागते, कारण कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असते आणि पर्याय मिळाला तर माश्या तो टाळतात. एकरी दोन पेट्या हे रूढ प्रमाण आहे.

पहिले तीन आठवडे

पहिल्या दिवशी पेटी उघडू नका, फक्त दार पाहा. मूठभर मेलेल्या माश्या बाहेर ओढल्या जाणे ठीक. ओंजळीने निघत असतील तर ती पेटी आत तापली होती. तुटलेल्या पोळ्याची शंका असेल तेवढीच पेटी संध्याकाळी उघडून पडलेला तुकडा काढा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंडी शोधा. उभी ताजी अंडी दिसली म्हणजे राणी सुखरूप आहे. नसतील तर राणी गेली आहे किंवा ताणामुळे काही दिवस थांबली आहे. दुसऱ्या पेटीतली अंड्यांची एक चौकट द्या आणि चार दिवसांनी पाहा. माश्यांनी राणीच्या कोठड्या बांधायला घेतल्या असतील तर राणी नाही हे नक्की.

आठव्या-दहाव्या दिवशी अळ्या पाहा, हीच सगळ्यात महत्त्वाची तपासणी. निरोगी अळी पांढऱ्या दुधाळ अन्नात तरंगत असते. घराचा तळ कोरडा दिसत असेल, अळी चकचकीत नसून मलूल असेल, तर दाई माश्यांना प्रथिने कमी पडत आहेत. तेव्हा पूरक खाद्य द्या: तेल काढलेल्या सोयाबीनचे पीठ तीन भाग, यीस्ट एक भाग, साय काढलेल्या दुधाची पावडर एक भाग, हे पिठीसाखर आणि घट्ट पाकात मळून पेटीमागे शंभर ते दीडशे ग्रॅमची पोळी थेट पिलाव्याच्या चौकटींवर ठेवा. विकतचा किंवा अनोळखी मध त्यात घालू नका, त्यातून फाऊलब्रूड या अळ्यांच्या रोगाचे जंतू येतात. सोबत एकास एक साखर-पाण्याचा पाक संध्याकाळी, पेटीच्या आत. एकाच पिकाच्या पट्ट्यात, विशेषतः सूर्यफुलावर, मध भरपूर असूनही पराग निकृष्ट असू शकतो. मध येतोय म्हणजे माश्या पोसल्या जात आहेत असे धरून चालू नका.

दारावर, झाकणावर तपकिरी विष्ठेचे पट्टे आणि जमिनीवर सरपटणाऱ्या माश्या म्हणजे नोसेमा या आतड्याच्या रोगाची शंका. वाकड्या, चुरगळलेल्या पंखांच्या माश्या म्हणजे कोळी वाढले आहेत. आणि सकाळी दारासमोर ढीग, माश्यांची सोंड बाहेर आलेली, अंग थरथरणारे, म्हणजे फवारणी झाली आहे. कांद्यावर फुलकिड्यांसाठी आणि डाळिंबावर रसशोषक किडींसाठी फवारे चालूच असतात. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, फिप्रोनिल माश्यांना फार घातक. शेतकऱ्याशी बोलणे पेट्या उतरवण्याआधी व्हायला हवे: फुलोऱ्यात फवारा नको, अगदीच गरज पडली तर सूर्यास्तानंतर, आणि दोन दिवस आधी कळवायचे. शेजारच्या बांधावरच्या शेतकऱ्यालाही भेटा. माशी बांध ओळखत नाही.

२१ ते २५ दिवसांनी पिलाव्याच्या चौकटी मोजा आणि निघतानाच्या नोंदीशी ताडा. तितक्याच किंवा जास्त असतील तर पुढचा मुक्काम धरा. घटल्या असतील तर त्या पेट्या या जागेवर किंवा जवळच्या चांगल्या फुलोऱ्यावर आणखी तीन-चार आठवडे थांबवा. तीन आठवड्यांच्या आत दुसरी फेरी केली तर ताण त्याच पिढीवर दुसऱ्यांदा पडतो, आणि भाडे मिळाले तरी वसाहत हातची जाते.

थोड्या अंतरावर हलवायची असेल तर

मेलिफेरा सहज दोन-तीन किलोमीटर फिरते. पाच किलोमीटरपेक्षा कमी अंतरावर पेटी नेली तर कामकरी माश्या ओळखीच्या खुणांवरून जुन्या जागी परततात आणि तिथे गोळा होऊन मरतात. शेतातल्या शेतात जागा बदलायची असेल तर रोज संध्याकाळी दोन-तीन फूट सरकवा. वाटेत विहीर-रस्ता असल्याने ते शक्य नसेल तर पेटी तीन आठवडे लांब नेऊन ठेवा आणि मग हव्या त्या जागी आणा. तोवर जुन्या जागी फिरणाऱ्या माश्या गोळा करायला एक दुबळी पेटी तिथे ठेवली तर तिलाही बळ मिळते.

सातेरीसाठी वेगळे

सह्याद्रीच्या पट्ट्यातल्या सातेरी, म्हणजे देशी मधमाशीच्या, पेट्यांना वरचे सगळे लागू आहे, पण ही माशी घाबरट आहे आणि त्रास झाला की घरच सोडून जाते. तिचा प्रवास काही तासांचाच ठेवा, पेटी मांडीवर किंवा गवताच्या जाड थरावर, आणि अंतर शक्यतो एकाच हवामानाच्या पट्ट्यात. तिची झेप मेलिफेरापेक्षा कमी असल्याने दोन-अडीच किलोमीटर पुढे नेली तरी माश्या सहसा परत जात नाहीत. उतरवल्यावर तीन-चार दिवस दाराला राणीरोधक जाळी लावा आणि पहिल्याच संध्याकाळपासून थोडा थोडा पाक द्या. पोळ्यात झाकलेला मध आणि पिलावा असलेली वसाहत सहसा पळत नाही, उपाशी आणि पिलावा नसलेली पळते. जाळी आठवडाभर तशीच ठेवू नका, नर अडकतात. थाई सॅकब्रूड हा अळ्यांचा विषाणूरोग दिसलेल्या गावातून पेटी किंवा चौकट बाहेर नेऊ नका. १९९०च्या दशकात या विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरी वसाहती मोठ्या प्रमाणावर संपवल्या होत्या. घरातल्या अळ्या पिवळट पिशवीसारख्या होऊन डोके वर करून मेलेल्या दिसल्या तर तो हाच रोग. मेलिफेराच्या तळाजवळ सातेरी ठेवू नका, दुष्काळी दिवसांत मेलिफेरा तिचा मध लुटते. दोन्ही पाळत असाल तर तळांत किमान दोन-तीन किलोमीटर अंतर ठेवा आणि हातमोजे, खरवडणी, मधयंत्र एकीकडून दुसरीकडे नेताना सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन घ्या.